दारातला पाय

चेकरबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उभी नोकरी शहरातल्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलेली. भेटेल त्याला खरं मानलं असतं तर पगार कशाचा घेतला असता? सगळे खिसे चाचपून झाल्यावर पुन्हा पहिल्या खिशापासून सुरुवात करणारे, चेकर दिसताच गाढ झोपी जाणारे, "आत्ताच दिले की पैसे, विचारा कंडक्टरला" म्हणून उलट अंगावर येणारे, असले सगळे नमुने त्यांनी कोळून प्यायले होते. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवालीचा तराजू, शेजारणीचं कौतुक आणि डॉक्टरचं हसू या तिन्हींकडे त्या एकाच नजरेने बघत.

त्यांच्या कामाची एक रीत होती. पुढच्या दाराने चढायचं आणि दारातच आडवा पाय टाकून उभं राहायचं. हात लावायचा नाही, कारण हात लावला की भांडण. पाय आडवा असला की घाईघाईने उतरू पाहणारा आपोआप थबकतो, मग शांतपणे तिकीट मागायचं. आणि दुसरी गोष्ट, तोंडाकडे बघायचं नाही. "तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत," असं त्या हाताखालच्या नव्या पोरींना शिकवायच्या. बिनतिकिटाचा माणूस कितीही निवांत चेहरा करून खिडकीबाहेर बघत असो, त्याची पावलं दाराकडे वळलेली असतात.

अशा बाईच्या पदरात नवरा पडला तो आळीतला नंबर एकचा नाटक्या. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, पण गिऱ्हाईक सायकलीपेक्षा गप्पांना जास्त यायचं. कुणाचीही नक्कल करायचे. बँकेच्या साहेबाची चाल, शेजारच्या काकूंची शिंक, खुद्द बायकोचं "तिकीट?" म्हणणं, सगळं हुबेहूब. एकदा मेव्हण्याच्या घरी जेवायला जायचं टाळायला त्यांनी पाय मुरगळल्याचं सोंग केलं, पट्टीबिट्टी बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उजव्या पायावरून डाव्या पायावर आलेली चेकरबाईंनी पकडली. सायकलवाले स्वतःच पोट धरधरून हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते मनात नोंदवून ठेवलं.

म्हणून पुढे जे झालं त्याला सायकलवालेही थोडे जबाबदार होते. लांडगा आला रे आला म्हणून आयुष्यभर ओरडत राहिलं की खरा लांडगा येतो तेव्हा घरातलंही कुणी उठत नाही.

आधी हात कापायला लागला. बशीत कप वाजायचा, स्पोकची चावी हातातून निसटायची. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या दिल्या. तेव्हा चेकरबाईंनी कसलीही शंका घेतली नाही. हात उघड दिसत होता, झोप लागताना हळूहळू थांबणारा आणि जाग आली की पुन्हा सुरू होणारा. त्यांनी मुकाट्याने शर्टाची बटणं लावून द्यायला सुरुवात केली, दुकान विकलं, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. हाताबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती पायांची. वर्षभरात त्या पायांनी एक चमत्कारिक खोड लावून घेतली. घरभर नीट हिंडायचे, जरा घसटत, पण हिंडायचे. आणि दारापाशी आले की चिकटायचे. गोंद लावल्यासारखे. नवीन इमारत, सपाट फरशी, उंबरठा नावालाही नाही, अडायला काही म्हणजे काही नाही. तरी सायकलवाले चौकटीत उभे, टाचा वर, गुडघे थरथरताहेत, आणि पुढे पाऊल नाही.

"चला की," चेकरबाई म्हणायच्या.

"निघतोय ना," सायकलवाले म्हणायचे, आणि तिथेच.

बरं, हेच पाय जिन्यावर गेले की पायऱ्या धडाधड उतरायचे. आणि याच्यावर कडी म्हणजे, एकदा त्यांना कसंबसं खाली नेलं तर समोरच्या मुलाची सायकल दिसल्याबरोबर ते तिच्यावर बसले आणि आळीला चक्कर मारून आले, घंटी वाजवत! आळी टाळ्या वाजवत होती. चेकरबाई वर गॅलरीत उभ्या होत्या, त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. दारातून चालता येत नाही आणि सायकल चालवता येते? जिना उतरता येतो आणि सपाट फरशी ओलांडता येत नाही? ही कसली डोंबलाची व्याधी, जिला जागा निवडता येते?

चोरी सापडली की कारण शोधायचं. कारण त्यांच्याकडे तयारच होतं. लग्न झाल्यापासून सायकलवाले सांगत आले होते, तू निवृत्त झालीस की आपण बसने फिरू, लांब लांब जाऊ, तू खिडकीशी बसायचं आणि कुणाच्याही तिकिटाकडे ढुंकून बघायचं नाही. चेकरबाईंनी या एका आशेवर शेवटची वर्षं काढली होती, सुजलेल्या पावलांनी. आणि आता फिरायला निघायची वेळ आली तर या माणसाचे पाय बरोबर घराच्या दारातच अडत होते. मुळात घरकोंबडा माणूस. जायचंच नव्हतं कधी.

एका दुपारी सहलीची चौकशी करायला निघायचं ठरलं. चेकरबाई पर्स घेऊन बाहेर उभ्या, सायकलवाले दारात खिळलेले. शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. चेकरबाईंचा संयम सुटला. त्या परत आल्या आणि सवयीने, अगदी बसमध्ये टाकायच्या तसा, चौकटीत आडवा पाय टाकला. "नाहीच ना यायचं? मग राहा आतच. बघते कसे बाहेर येता!"

सायकलवाल्यांनी खाली पाहिलं. मग पाय उचलला, तिच्या पायावरून टाकला, आणि सरळ बाहेर आले. जिन्यापर्यंत चालत गेले.

"अगं, जमलं की!" ते वळून म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

चेकरबाईंना तो चेहरा चांगला माहीत होता. खिशात नसलेलं तिकीट अचानक सापडल्यावर लोक असाच चेहरा करतात. "जमणारच," त्या म्हणाल्या. "ढोंगी कुठले!"

शेजारणीने ऐकलं, जिन्याने ऐकलं. सायकलवाल्यांचं हसू तिथल्या तिथे मावळलं. त्या दिवशी सहल राहिलीच, आणि त्यानंतर नक्कलही कधी झाली नाही. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहू लागले. दाराकडे फिरकायचेच नाहीत. चेकरबाईंनी याचाही अर्थ काढला की पकडलेला माणूस गप्पच बसतो.

त्यांनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात, तिच्या घरी एक खोली रिकामी. "आई, बाबा असं कशाला करतील?" लेक म्हणाली.

"तुझा बाप पट्टीचा पाय बदलणारा माणूस आहे," चेकरबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोक्याचे फोटो काढणार आहेत मोठ्या रुग्णालयात. चालण्यावर अभ्यास चालू आहे म्हणे. त्यात खोटेपणा निघाला की मी येते तुझ्याकडे. राहायलाच येते. खाणावळीचा डबा लावून देईन त्यांना. आजारी माणसाची सेवा करीन, खोटारड्याची नाही."

बोलल्या तसं त्यांनी केलं. आपल्या साड्या, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत भरल्या आणि बॅग दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला लावून ठेवली. सायकलवाल्यांनी बॅगेकडे पाहिलं, पण विचारलं नाही. अभ्यासाला यायचं का, एवढंच डॉक्टरांनी विचारलं होतं, तर ते मात्र चटकन हो म्हणाले. चेकरबाईंना त्याचाही संशय आला. इतक्या लवकर हो?

रुग्णालयात त्यांच्या संशयाला भरपूर खाद्य मिळालं. अभ्यास करणारी डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची, केस वर बांधलेली, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांवर चेकरबाईंचा खास राग. त्यात तिने आदल्या रात्रीची आणि सकाळची गोळी बंद ठेवायला सांगितली होती.

"गोळी बंद केल्यावर माणूस अडणारच," चेकरबाई म्हणाल्या. "मग तुम्ही लिहिणार, अडतो म्हणून. हा कुठला न्याय?"

"गोळीच्या आड आजार लपतो, काकू. आम्हाला तो लपण्याआधी बघायचाय," डॉक्टर म्हणाली. "झालं की लगेच गोळी देणार आहोत."

उत्तर बरं होतं, म्हणून चेकरबाईंना जास्तच राग आला. त्यांनी पुढचा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला. सायकलवाले आत कपडे बदलत होते. "तुमचं मशीन खोटं पकडतं का?"

"खोटं?"

"माणूस सोंग करत असेल तर दिसतं का डोक्यात?"

डॉक्टर हसली नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं. "नाही हो. खऱ्याखोट्याचं नाही ते मशीन. मेंदूचा कुठला भाग कधी जास्त काम करतो, तेवढं बघतो आम्ही. तेही एका माणसावरून काही ठरत नाही. पुष्कळ जणांचे फोटो एकत्र करून, हिशेब मांडून, मग कुठे अंदाज येतो."

म्हणजे फेरी फुकट. चेकरबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. आता कसलं पकडणं आणि कसलं काय. तरीही त्या काचेच्या आड, यंत्र चालवणाऱ्यांच्या खोलीत बसल्या, कारण आलोच आहोत तर डोळे कशाला मिटायचे.

काचेपलीकडे ते मशीन. मोठं, पांढरं, मधे बोगदा. अंगठी, घड्याळ, कवळी, सगळं काढून ठेवून सायकलवाल्यांना त्यात सरकवलं होतं, डोक्याकडून. डोकं जाळीदार टोपात बंद, छाती आत, कंबर आत. बाहेर राहिले फक्त पाय, पायमोजे घातलेले. प्रत्येक पावलाखाली एक प्लास्टिकचं पेडल.

"झोपलेल्या माणसाला चालायला कसं लावणार?" डॉक्टर समजावू लागली. "म्हणून त्यांना आत आरशात एक चित्र दिसतं. लांब बोळ. डावं-उजवं पेडल दाबलं की ते बोळातून पुढे जातात. वाटेत दारं लागतात. तेच चित्र इथे पडद्यावर आहे, बघा."

"त्यांना माहीत आहे मी बघतेय?"

"नाही. आतून त्यांना बोळच दिसतो."

चेकरबाई सावरून बसल्या. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटणारा माणूस, यासारखी दुसरी तपासणी नाही.

मशीन ठोकाठोक करू लागलं. खोलीतल्या टेबलावरचा चहाचा कप हलावा असा आवाज. पडद्यावरचा बोळ सरकू लागला. डावं, उजवं, डावं, उजवं, छान लय लागली होती, त्यांनी दुकानात चाक फिरवून बघावं तशी. मग समोर एक अरुंद दार आलं.

बोळ थांबला.

"आता ढोंग कुणासमोर?" चेकरबाईंच्या तोंडून निघालं, आणि त्यांना कळेना की आपण हे रागाने म्हटलं की खरंच विचारलं. कारण तिथे समोर कुणी नव्हतं. बायको नाही, शेजारीण नाही, सहल नाही, बस नाही. दार तर खरंही नव्हतं. चित्रातलं दार.

त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि काचेपलीकडे पाहिलं. सवयीने खाली पाहिलं. पायांकडे.

पाय झुंजत होते. पायमोज्यात बोटं आकसत होती, टाच उचलू पाहत होती, सगळं पाऊल बारीक बारीक थरथरत होतं, पेडलवर दाब पडता पडता राहत होता. दोन्ही पावलं सरळ समोर वळलेली. पळायला बघणारी पावलं चेकरबाईंनी हजारो पाहिली होती. ही पळत नव्हती. ही जायला बघत होती आणि त्यांना कुणी सोडत नव्हतं.

तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. आणि घरात, वर्षभर, दारात उभ्या त्या माणसाच्या त्या फक्त तोंडाकडे बघत आल्या होत्या, नाटक्याचं तोंड म्हणून. एकदाही नीट खाली पाहिलं नव्हतं. चेकरबाईंना एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"आता बघा हं," डॉक्टर म्हणाली. तिचं लक्ष पडद्यावर होतं. "या फेरीत दारांपुढे जमिनीवर आडवे पट्टे काढलेत."

बोळ सरकला. दार आलं, दारापुढे जाड पिवळा पट्टा. पेडल जरा घुटमळलं, मग डावं, उजवं, आणि दार मागे पडलं. पुढचं दार. तेही मागे पडलं.

"आता कसे गेले?" चेकरबाईंचा आवाज चढला.

"जे चालणं आपल्याला विचार न करता येतं, त्याचा मेंदूतला रस्ता यांच्यात अडतो. दार आलं, जागा अरुंद झाली, की जास्तच. पण डोळ्यांसमोर ओलांडायला काहीतरी आलं की बहुतेक ते काम दुसऱ्या वाटेने होतं. हमरस्ता बंद असला की गल्लीतून गाडी काढतात ना, तसं. निदान आमचा अंदाज तसा आहे, तोच तपासतोय. पायरी, पट्टा, काठी, काहीही चालतं. जिना चढतात ना नीट?"

"सायकलसुद्धा चालवतात," चेकरबाई म्हणाल्या.

"हो, असं होतं खरं. लोकांना वाटतं माणूस सोंग करतोय. घरचे फार छळतात बिचाऱ्यांना. काही जण तर समोरच्याच्या आडव्या पायावरूनसुद्धा जातात बघा."

चेकरबाईंनी पावलं खुर्चीखाली ओढून घेतली. ज्या पायावरून जाणं हा पुरावा धरून त्यांनी माणसाला शेजारणीदेखत ढोंगी ठरवलं, तो पाय आता त्यांच्या चपलेत जड झाला होता.

परतताना रिक्षा केली. गोळी नुकतीच घेतली होती, ती चढायला वेळ होता. सायकलवाल्यांचा हात मांडीवर कापत होता, कान त्या आवाजाने अजून बधिर असावेत. एकदाच त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"एकट्याच्या फोटोवरून काही निघत नाही म्हणाली."

"अस्सं," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

इमारतीचा जिना ते नेहमीसारखे चढले. चेकरबाईंनी कुलूप उघडलं, आत गेल्या. वळून पाहतात तो सायकलवाले चौकटीबाहेर उभे. टाचा वर, गुडघे थरथरत. या वेळी बाहेरून आत येताना अडले होते. त्यांची नजर आत, भिंतीला लावलेल्या बॅगेवर होती.

शेजारणीचं दार किलकिलं झालं. ते व्हायचंच.

चेकरबाईंनी पर्स खाली ठेवली आणि चौकटीत आडवा पाय टाकला. "या."

सायकलवाल्यांनी पायाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि पाऊल उचललं नाही.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, या ना. यावरून येता येतं तुम्हाला."

"येता येतं, माहितीये मला. म्हणूनच येत नाही. ओलांडलं की मी ढोंगी, आणि तू त्या बॅगेसकट पोरीकडे. नाही ओलांडलं तर मी बाहेर, पण निदान खरा तरी. बरंय इथेच." त्यांनी चौकटीला धरलं. हात लाकडावर टकटक वाजत होता. "तुला वाटतं मी फोन ऐकला नाही, बॅग बघितली नाही? त्या बोगद्यात मी कशाला गेलो असेन? जीव गुदमरत होता माझा. म्हटलं, माझं नाही तर मशीनचं तरी ऐकेल ही. तर त्याच्याकडूनही काही निघालं नाही म्हणतेस."

चेकरबाईंचा पाय तसाच होता. गुडघा दुखायला लागला, पण तो त्यांनी हलवला नाही. नोकरीत पुष्कळदा असं झालं होतं, माणूस अडून राहायचा आणि त्या त्याच्याहून जास्त अडायच्या. पण तेव्हा तोंडात "तिकीट?" असायचं. आज जे तोंडात होतं ते बाहेर यायला तयार नव्हतं.

"निघालं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी काचेआडून तुमचे पाय बघत होते. सगळा वेळ. चुकले मी."

"काय?"

"चुकले म्हटलं!" हे इतक्या मोठ्याने निघालं की शेजारणीचं दार दचकून मिटलं. "ढोंगी म्हटलं ते चुकले. वर्षभर चुकले. आता किती वेळ उभी करणार आहात मला, पाय मोडेल माझा!"

सायकलवाल्यांनी मान तिरकी केली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. घशातून बायकोचाच आवाज निघाला, वरच्या पट्टीतला, हुबेहूब. "तिकीट बघायचंय का बाई?"

"नको," चेकरबाई म्हणाल्या. डोळे पुसायला हात मोकळे होते, पण पुसले नाहीत. "या."

सायकलवाल्यांनी खाली पाहिलं, गुडघा वर घेतला आणि उजवं पाऊल तिच्या पायावरून आत टाकलं. ते फरशीवर टेकलं, आणि त्यांचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला. चेकरबाईंनी पाय काढला नाही. डावं पाऊल अजून बाहेर होतं.